जित्याचा सांगावा

माझ्या सासऱ्यांनी, मामांनी, घुंगरांची काठी चुलीत घातली तवा चूल मीच फुंकत होते. वाळलेला बांबू, पटकन पेटला. घुंगरं तेवढी राखेत राहिली. दुसऱ्या दिवशी राख काढताना ती खुळखुळली, तर मामा म्हणाले, "ती पण टाक." मी गिरणीमागच्या गटारात टाकून आले.

ती काठी म्हंजे काय, हे आता कुणाला ठावं न्हाई. आमचं मूळ गाव चिकोडीकडलं. तिथं कुणाच्या घरात माणूस मेलं, की गावोगावच्या पावण्यांना सांगावा न्यायचं काम आमचं. ऊन असू दे, पाऊस असू दे, अंगात ताप असू दे, उठायचं आणि चालायचं. त्याला म्हारकी म्हणायचे. मामांचा बा तेच करत मेला. मामा मिसरूड फुटायच्या आधीपासनं तेच करत आले. काठी वाजवत जायचं, म्हंजे वाटेवरची माणसं आधीच बाजूला सरायची.

आणि त्याची एक रीत होती. मेल्याचा सांगावा तोंडानं सांगायचा न्हाई. दारापासनं लांब उभं राहायचं. डोक्याचा पटका काढून काखेत घ्यायचा, काठी भुईला आडवी ठेवायची, मान खाली घालायची. घरातलं कुणीतरी बाहेर येणार, बघणार, आणि त्याला कळणार. आत रडं उठलं की आपलं काम झालं. कुणी भाकरी टाकली तर झेलायची, न्हाईतर तशीच वाट धरायची. पाठ फिरवली की मागं बघायचं न्हाई. मागं बघितलं तर त्या घरातलं मरण आपल्या मागं येतं, असं मामांना त्यांच्या बानं शिकवलेलं.

आमी बंगळूरला आलो ते गिरणीपायी. मल्लेश्वरमच्या खालच्या अंगाला कापडगिरणी होती, तिथं मालकांना, म्हंजे माझ्या नवऱ्याला, कापड विणायच्या साच्यावर काम लागलं. गिरणीच्या मागं एक गल्ली, गल्लीच्या मधनं गटार. गटाराच्या अलीकडं आमच्या लोकांची घरं, पलीकडं बाकीच्यांची. बुद्धाच्या धम्माची दीक्षा झाली त्या साली आमच्या सगळ्या घरांनी देव्हारे काढले. मग एका रविवारी आमची माणसं जमली आणि ठरलं, की ढोर ओढायचं न्हाई, शिळी भाकरी मागायची न्हाई, मेल्याचा सांगावा न्यायचा न्हाई. कुणी केलं तर त्याच्या घरी आपण पाणी प्यायचं न्हाई. मामा सगळ्यात म्हातारे. पहिला हात त्यांनीच वर केला. घरी आले आणि काठी जाळली. त्या दिवशी जेवताना ते दोनदा हसले, एरवी कधी हसायचे न्हाईत.

पौर्णिमेला आमी विहारात जायचो. भंते तिकडं तामीळ मुलखातले, कन्नड बोलायचे, मला निम्मं कळायचं न्हाई. पंचशील पाठ झालं ते ऐकून ऐकून. पण एक गोष्ट त्यांनी हातानं करून दाखवत सांगितली, ती कळली. बुद्धाच्या संघातला एक भिक्खू जुलाबानं आपल्याच घाणीत पडलेला, आणि बाकीचे त्याच्याकडं बघंनात. तर बुद्धानं सोता पाणी आणलं आणि त्याला धुतला. मला अक्षर येत न्हाई, मोठं काही समजत न्हाई. मी त्यातनं एवढंच घेतलं, की आधी पाणी आणायचं, बाकीचं मागनं.

आता अक्काचं सांगते.

गटाराच्या पलीकडं शेवटची खोली अक्काची. तिचं दार आमच्या दारासमोर उघडायचं. नवरा कधीचा मेलेला, एकटी राहायची. तीही मराठीच बोलायची, पण तिचं मराठी लई जुनं, कन्नडात भिजलेलं. तिचे वाडवडील कुठल्यातरी फौजेबरोबर इकडं आले आणि इथंच राहिले, असं सांगायची. सकाळी बाजारातनं मोगरा, कनकांबर म्हंजे आपली अबोली आणायची, दारात बसून गजरे वळायची आणि संध्याकाळी देवळापाशी विकायची. बोट आणि तोंड दोन्ही बरोबर चालायचं.

आमी देव्हारा काढला तवा ती गटारापलीकडनंच मला म्हणाली, "काय गे, देव सगळे घालवलात म्हणे? आता दुखणं आलं तर हाक कुणाला मारशील?"

"तुला मारीन की अक्का. समोरच हायस."

"मी येत्ये होय तुझ्या घरात! स्वल्प लाज धर."

पण हसली. तिच्या तोंडात वरचे दात न्हवते, हसली की पदर तोंडावर घ्यायची.

ती आमच्या हातचं काही घ्यायची न्हाई. माझी सावली फुलांवर पडू द्यायची न्हाई. पण माझं पोर तापानं फणफणलं तवा तिनं दारातनं ओरडून सांगितलं, की कांद्याचा रस तळपायाला चोळ. रोज सकाळी विचारायची, "उतरला का?" ताप उतरला तवा एक कनकांबराची वेणी गटारावरनं फेकली. मी झेलली. मामा तिथंच बसलेले. ते म्हणाले, "आता फुलं पण फेकूनच."  मी वेणी पोरीच्या केसात घातली.

थंडीचे दिवस होते. एके दिवशी अक्काचं दार उघडलं न्हाई. संध्याकाळपर्यंत न्हाई. फुलाची टोपली दारात तशीच, वरचा केळीचा पाला वाळलेला. मी गटार ओलांडून गेले. दार ढकललं. ती भिंतीला टेकून बसलेली, निजता येत न्हवतं. छातीत कढई खरवडल्यासारखा आवाज. अंग तापलेलं, पाय सुजलेले. लुगडं भिजलेलं.

मी तिच्या घागरीतनं पाणी घेतलं. तिनं हात वर केला.

"पाणी कुणाच्या घागरीतलं?"

"तुझ्याच. हात तेवढा माझा हाय."

"धू तो."

"धुतलाय."

"मग वत."

मी तिच्या तोंडात पाणी वतलं. मग तिचं अंग पुसलं, लुगडं बदललं. ती डोळे मिटून होती. एकदाच म्हणाली, "बाहेर बोलू नकोस." मी म्हणलं, "कुणाला बोलू? आमच्यातली माणसं मलाच शिव्या घालतील."

पलीकडच्या एका माणसाला सांगितलं, तो वैद्याला घेऊन आला. वैद्यानं दारातनंच बघितलं. बाहेर येऊन म्हणाला, पाणी छातीत चढलंय, जवळच्या माणसांना बोलवा.

जवळचं माणूस म्हंजे एक लेक. के. आर. पुरमला दिलेली. तिचं सासर तिकडचं जुनं मराठी घर, शेतीवाडी, कडक माणसं. गौरीच्या सणाला ती आईकडं आलेली आणि दोघींचं भांडण झालेलं. कशावरनं, ते मला अजून ठावं न्हाई. अक्का दारात उभी राहून ओरडलेली ते मी ऐकलेलं. "परत या दारात पाय ठेवू नकोस, मी मेले तरी येऊ नकोस." पोरगी रडत गेली. त्यानंतर आली न्हाई.

आता अक्का मला म्हणाली, "ते मी म्हणाले न्हवं का, ते मागं घ्यायचंय. ती आली की तिच्या तोंडावर म्हणणार. तवर मी जात न्हाई." श्वास घेत घेत एवढंच बोलली. एवढंच तिला पायजे होतं.

पण जाणार कोण? आजारपणाचा निरोप घेऊन दुसऱ्याच्या दारात जायचं, पलीकडच्या कुणाला ते नको होतं. एकाची गिरणी, एकाची बायको पोटुशी. शेवटी वैद्याला घेऊन आलेला तोच माणूस गटारापाशी येऊन मालकांना म्हणाला, "तुमचा म्हातारा हाय की. त्येचं कामच ते."

मालक जेवत होते. ताटावरनं उठले. "काय म्हणलास? परत म्हण."

"रागावता कशाला? तुमच्यात चालतंय म्हणून म्हणलं."

"आमच्यात चालत होतं. आता चालत न्हाई. तुझ्या आईचा निरोप असता तर तू गेला असतास न्हवं? मग जा."

तो गेला न्हाई. मालक घरात येऊन मला म्हणाले, "आणि तू. तू तिथं जाऊन तिची घाण काढतीस. उद्या सगळी गल्ली म्हणेल, देव सोडला तरी म्हारकी सुटली न्हाई ह्यांची."

मी म्हणलं, "मला कुणी सांगितलं न्हाई, मी आपल्या मनानं गेले."

"बघणाऱ्याला फरक दिसतो का?"

मी त्यांचं ताट उचललं. मामा कोपऱ्यात बसून ऐकत होते.

सकाळी मालक गिरणीत गेले. मी अक्काकडं पेज घेऊन गेले, तिच्याच भांड्यात, तिच्याच चुलीवर केलेली. मामा बाहेर नळावर तोंड धूत होते. अक्कानं उघड्या दारातनं त्यांना बघितलं. इतकी वर्सं ती त्यांना 'ए म्हाताऱ्या' म्हणायची, तेही कधीतरी. त्या दिवशी तिनं हाक मारली, "अण्णा."

मामांनी मागं बघितलं, आणखी कोण हाय का म्हणून.

"अण्णा, माझ्या लेकीला सांगता का? जमत असंल तर. सक्ती न्हाई."

मामा तोंडावरचं पाणी पुसायचे थांबले. मग म्हणाले, "घर कुठं?"

तिनं खुणा सांगितल्या. रेल्वे ठेसनाच्या पुढं, तळ्याच्या काठाला, दारात चिंच. मी म्हणलं, "मामा, रेल्वेनं जावा." ते म्हणाले, "रेल्वेचा टाइम दुपारनंतरचा. तवर मी पोचून माघारी निघतो." पटका बांधला, साधी काठी घेतली, आणि गेले. सत्तरीचा माणूस, पण चाल अशी की वाटावं पुढनं कुणी वढतंय.

दिवे लागायच्या आत परत आले. पाय धुळीनं पांढरे. मी विचारलं, "भेटली?"

"भेटली. सांगितलं."

"काय म्हणाली?"

"रडली लई. घरातली सगळीच रडली. येतील."

मी गटार ओलांडून अक्काला सांगितलं, लेक रडली, लेक येणार. ती इतकी हसली की खोकला लागला. मला म्हणाली, "फणी घे. डोस्कं विंचर. अशी दिसले तर घाबरंल पोर." मी तिचं डोकं विंचरलं. केस ते किती, बोटभर वेणी. तिनं त्यात फूल मागितलं. टोपलीतली फुलं सुकलेली, त्यातलं बरं बघून एक खोवलं.

मालकांना कळलं.  ताट घेऊन बाहेर बसून जेवले.

दुसरा दिवस सगळा वाट बघण्यात गेला. चाक वाजलं की अक्का डोळे उघडायची. "आली?" मी बाहेर जाऊन बघायचे. पाववाल्याची गाडी असायची, लाकडं घेऊन बैलगाडी असायची. "न्हाई अजून. येईल." दुपारनंतर तिनं विचारणं सोडलं, नुसतं माझ्या तोंडाकडं बघायची. मला तिच्याकडं जाऊ नये असं वाटायला लागलं. गेले तरी.

सांजच्या वेळी मी मामांपाशी येऊन बसले. म्हणलं, "मामा, येते म्हणाली ना ती? तोंडानं म्हणाली?"

"तोंडानं कशाला म्हणंल? रडत होती."

"का रडत होती? भांडण आठवून?"

मामांना माझा प्रश्नच समजला न्हाई. ते म्हणाले, "सांगावा आला की माणूस रडतंच की. मी आजवर ज्याच्या दारात गेलो, ते रडलंच."

 मी म्हणलं, "मामा, तुमी उभं कसं राहिलात ते दाखवा."

"उभं काय दाखवायचं?"

"दाखवा."

ते उठले. अंगणात, जरा लांब जाऊन उभे राहिले. काठी खाली ठेवली, आडवी. मान खाली गेली. हात डोक्याकडं गेला, पटका निम्मा सुटला, आणि तिथंच हात थांबला. तसेच उभे राहिले. पटक्याचं एक टोक खांद्यावर लोंबत होतं. मी बघत होते, त्यांचं तोंड हळूहळू पडलं. म्हातारं माणूस माझ्यासमोर आणखी म्हातारं झालं.

"मी बोललो," ते म्हणाले. "आईनं बोलवलंय, असं म्हणलो मी. खरंच म्हणलो, सूनबाई. पण तवर आत रडं उठलेलं."

"मग?"

"मग पाठ फिरवली."

"मागं बघितलं न्हाई?"

"मागं कसं बघणार?"

कुणी त्यांना जित्या माणसाचा सांगावा कधी दिलाच न्हवता. आजारी माणसाला भेटायला बोलवायचं, तर त्यासाठी घरचा माणूस जायचा, घोड्यावर न्हाईतर गाडीनं. महाराला पाठवायचं ते मेल्यावर. डोकं सांगत होतं बोल म्हणून, पण अंगाला एकच माहीत होतं. काठी जाळली, ती त्यांच्या अंगातनं गेलीच न्हवती.

मालक दारात उभे होते. कधी आले कळलं न्हाई. सगळं ऐकलेलं. मला वाटलं आता बापाला बोलणार, आता तोडणार. ते घरात गेले, बाहेर आले, आणि कुणाकडं न बघता गल्लीतनं निघून गेले. माघारी आले ते कुणाचीतरी सायकल घेऊन. भिंतीला लावली. म्हणाले, "तांबडं फुटायला निघायचं. मागं बसशील का नीट?"

मामा म्हणाले, "तुझी गिरणी?"

"बसशील का, ते सांग."

पहाटेला दोघं गेले. बाप कॅरिअरवर, दोन्ही हातांनी लेकाचा सदरा धरलेला. जाताना मामा मला म्हणाले, "तिला सांगू नको मी काय केलं ते." मी सांगितलं न्हाई.

पुढचं मला मालकांनी सांगितलं, तेही लई वर्सांनी. म्हणाले, ठेसन मागं पडलं, तळं दिसलं, आणि बानं मागनं ओरडायला सुरवात केली. "जित्ती हाय! जित्ती हाय! आई जित्ती हाय!" चिंचेचं झाड अजून लांब होतं. रस्त्यावरची माणसं बघायला लागली, कुत्री भुंकायला लागली. पटका दोन्ही हातांनी डोक्यावर दाबून धरलेला, उडून जाईल म्हणून, त्यामुळं सदरा सुटला आणि तोल जाऊन दोघं पडले. पडल्यावरसुदिक ओरडतच होते. मालक मला हे सांगताना हसायला गेले आणि त्यांना हसता आलं न्हाई.

ती लेक दारात उभी होती. अंगोळ केलेली, ओल्या केसानं. हातात टोपली. टोपलीत तांब्याभर दूध आणि तुळशी. तिसरा दिवस म्हणून राख सावडायला निघालेली. आईच्या दारासमोरचा म्हातारा तिनं ओळखलेला, आणि ती रीत त्या जुन्या घरालाही ठावं होती. त्यांनी हिशोब असा केलेला, की सांगावा दुपारी आलाय, म्हंजे तिकडं उचललंसुद्धा असंल, आता जाऊन काय तोंड बघायचंय, तिसऱ्याला जाऊ. आणि तिच्या मनात आईचा शब्द. मेले तरी येऊ नकोस. म्हणून दोन दिवस ती घरातच बसलेली, चूल बंद करून.

मामांनी तिच्या पायाशी डोकं टेकवलं आणि म्हणाले, "बाई, मी चुकलो. तुमची आई वाट बघतीया."

तिनं टोपली खाली ठेवली न्हाई. तशीच जटक्यात चढली. जटका म्हंजे इकडचा टांगा. नवरा आत चपला घालत होता, त्याच्यासाठी थांबली न्हाई. गाडीवानाला म्हणत होती, मार घोड्याला, मार.

इकडं अक्काला सकाळी बरं वाटत होतं. पेज दोन घोट घेतली. मला म्हणाली, "तुझा देव काय सांगतो, मेल्यावर कुठं जातंय माणूस?"

"तो देव न्हाई अक्का. आणि मला ते कळत न्हाई."

"मग काय कळतं?"

"आजारी माणसाला पाणी द्यायचं, एवढं कळतं."

"सरी," ती म्हणाली, म्हंजे बरं. "तेवढं पुरं." मग जरा वेळानं म्हणाली, "ती आली न्हाई, तर तू सांग तिला. मी मागं घेतलं म्हणून. तुझ्या तोंडानं सांग." मी म्हणलं, "येतीय ती, तूच सांग." ती भिंतीला टेकली. कनकांबराचं वाळकं फूल केसातनं खाली पडलं, ते उचलून मी परत खोवायला गेले. तिची मान माझ्या हातावर आली. छातीतला आवाज थांबला. मी हात तसाच ठेवला, कुणास ठाऊक किती वेळ. उन्हाचा कवडसा चुलीपर्यंत आला तवा तिला खाली निजवलं.

आणि तवाच ऐकू आलं. गल्लीच्या तोंडापासनं मामांचा आवाज, बसलेला, फाटलेला. "आली! अक्का, आली! लेक आली तुझी!" सायकल पुढं, जटका मागं.

मी दारात आले. तोंड उघडलं, पण आवाज निघंना. डोक्यावरचा पदर कधी घसरला मला कळलं न्हाई. हात रिकामे, खाली. मामा सायकलवरनं उतरले, माझ्याकडं बघितलं, आणि ओरडायचे थांबले. त्यांनी तसं उभं राहिलेलं माणूस कधी समोरनं बघितलंच न्हवतं.

जटक्यातनं ती उतरली. तिलाही कळलं. ती रडली न्हाई. माझ्यापाशी आली आणि हळू म्हणाली, "मी रडून बसले परवाच. आता परत कुठनं आणू?"

आत गेली. आईच्या गालाला हात लावला, तो अजून गरम होता. ते तिला लई लागलं, गार असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. तांब्यातलं दूध राखेवर शिंपडायला आणलेलं, ते तिनं बोटानं आईच्या ओठाला लावलं. मी तिच्यामागं उभी राहून निरोप सांगितला. "गौरीच्या सणाला म्हणलेलं तिनं मागं घेतलं. तुझ्या तोंडावर म्हणायचं होतं तिला." ती म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. परत म्हणाली, सांग. ऊन चुलीवरनं भिंतीवर चढलं तरी मी तेच सांगत होते.

तिची माणसं आली, त्यांनी सगळं केलं. आमी गटाराच्या अलीकडं उभे राहिलो. जाताना ती मामांपाशी थांबली. शिव्या देईल असं वाटलं. ती म्हणाली, "एक शब्द तोंडानं मोठ्यानं बोलला असता तुमी. एकच शब्द." मामा म्हणाले, "खरं हाय बाई." ती गेली. परत त्या गल्लीत कधी आली न्हाई.

रविवारी आमच्या माणसांनी मामांना उभं केलं. ठरलेलं मोडलंत, का मोडलंत? मामांनी कारण सांगितलं न्हाई, माफी मागितली न्हाई. म्हणाले, "मेल्याचा सांगावा मी नेणार न्हाई, मरेपर्यंत न्हाई. जित्याचा नेणार. तुमच्या-त्यांच्या कुणाचाबी. माझ्या घरचं पाणी प्यायचं नसंल तर पिऊ नका." बरीच घरं आमच्याकडं पाणी प्यायची थांबली. वर्सभर तरी. नळावर माझ्याशी कुणी बोलायचं न्हाई. गटाराच्या दोन्ही अंगांनी आमी परके झालो.  पण मालकांनी सायकल विकत घेतली, जुनी.

विहारात भंतेंना कुणीतरी हे सगळं सांगितलं होतं. पौर्णिमेला त्यांनी मामांना जवळ बोलवलं. मला वाटलं उपदेश करतील. त्यांनी आपली छत्री मामांना दिली आणि कन्नडमधनं म्हणाले, उन्हात चालता, घ्या.

त्यानंतर मामा चालतच राहिले. सरकारी दवाखान्याच्या दारात जाऊन बसायचे. बाहेरगावची आजारी माणसं पडलेली असायची, त्यांना विचारायचे, तुमचं कोण, कुठं, काय सांगू. आणि जायचे. कोपऱ्यावरनंच ओरडायचे, दार दिसायच्या आधी. "जित्ती हाय! जिता हाय!" पोरं टर उडवायची, "आला रे, जित्ती हाय आला!" म्हणायची. एका बाईनं घाबरून अंगावर पाणी फेकलेलं. आत जायला सांगितलं तरी ते बाहेरच उभे राहायचे, पण पटका डोक्यावर, काठी हातात सरळ. किती माणसं वेळेवर पोचली ते मी सांगू शकत न्हाई. काही पोचली. काही न्हाई. अक्काचं नाव त्यांनी तोंडातनं परत काढलं न्हाई. कनकांबर विकायला बाई आली तर उठून आत जायचे.

मग त्यांचीही वेळ आली. पाय सुजले, तोच छातीतला आवाज. मी तो ओळखला. नणंद बनशंकरीच्या देवळापलीकडं खाणीवर दगड फोडायला होती. मालक तवा पाळीत होते, पोरं शाळेत. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "मी जाते." शेजारणीला त्यांच्यापाशी बसवलं. ती शेजारीण पलीकडची होती, तरी येऊन बसली.

मी बाईमाणूस, रस्त्यात कधी मोठ्यानं बोलले न्हवते. देवळापाशी बस सोडून पुढं चालत गेले. खाणीची धूळ दिसली, घणाचे आवाज ऐकू आले. मला वाटलं, जवळ जाऊन हळू सांगू. पाय पुढं जाईनात. मग मी तिथंच उभी राहिले, पदर डोक्यावर घट्ट धरला, आणि ओरडले. पहिल्यांदा आवाज फुटला न्हाई. दुसऱ्यांदा फुटला. "जिता हाय! बा जिता हाय तुझा!" घण थांबले. नणंदेनं पाटी तिथंच टाकली आणि धुळीतनं पळत आली.

घरी पोचलो तवा मामा जागे होते. लेकीचा हात धरून बसले, बोलायला श्वास न्हवता. लई वेळानं माझ्याकडं वळून म्हणाले, "कोपऱ्यावरनं वरडलीस का?"

"वरडले, मामा."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. सगळ्या खाणीनं ऐकलं."

त्यांनी मान हलवली. उशाला त्यांचा पटका घडी करून ठेवलेला. त्यांनी तो मागितला. मी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, बांधता आला न्हाई, नुसता ठेवला.